खालून पाहिलेले विमान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे ऐंशी, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मुलाला याबाबत शंका असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचलो, ते अठ्ठावन्नलाच कंटाळले होते. माझ्यावर हे लिहिण्यासाठी कोणी दडपण आणलेले नाही. न लिहिण्यासाठी आणले, त्याला मी भीक घातली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मुलाने सांगितले तसे केले होते, ते रद्द समजावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, मुलीला. खोलीच्या भिंतीवर रंगांचे डाग आहेत, ते पुसायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. बँकेत जे काही असेल ते मुलाला. त्याच्यावर माझा राग आहे, पण राग वेगळा आणि हिस्सा वेगळा. तो नगरपालिकेत आहे, साहेबांना तोंड त्याला द्यावे लागते, हे मला कळते. बायकोच्या बांगड्या सूनबाईला. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही.

३. सगळे कुंचले मुलीला, तिला माझा हात आहे. त्यातला तीन केसांचा कोणालाही उसना देऊ नये. मी एकदा दिला होता, त्या गृहस्थाने त्याने डिंक लावला.

४. कामाच्या खोलीत छताला टांगलेले लढाऊ विमान. हे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचे आहे. प्लास्टिकचे सुटे भाग दुकानातून आणले, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासले, रिव्हेटचे ठिपके सुईने एकेक टोचले. चौदा महिने लागले. सोबत आलेली आयती चिकटचित्रे फेकून दिली. पाट्या रंगवणाऱ्याने आकडे चिकटवायचे म्हणजे आचाऱ्याने बाहेरून जेवण मागवण्यासारखे. पोटाची बाजू पूर्ण रंगवली आहे: इंजिनापासून शेपटीकडे गेलेला तेलाचा ओघळ, चाकाचे नीट न मिटलेले झाकण, पंखांखाली आपल्या सैन्याची गोल खूण आणि चौऱ्याहत्तर हा आकडा. वरची बाजू कोरी आहे. ती कोरीच राहील. मी वरची बाजू पाहिली नाही, आणि जे पाहिले नाही ते रंगवणार नाही. ही अट जो मोडेल त्याचा या विमानावरचा हक्क त्या क्षणी संपेल.

५. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी 'म्हातारा चळला होता' असे म्हणायला नको. लढाईच्या दुसऱ्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो. ताई बटणांच्या कारखान्यात होती, तिच्याच शब्दाखातर फाटकावरच्या पाटीचे काम मला मिळाले होते. मी परांचीवर होतो. दुपारी धोक्याचा भोंगा झाला, बायका खंदकाकडे धावल्या. तेवढ्यात विमान माझ्या डोक्यावरून इतके खालून गेले की रंगाचा डबा हलला. मी खूण पाहिली. आकडाही वाचला, चारच्या पोटात, कापलेल्या साच्यातून आकडा रंगवताना राहते ती फट तशीच होती, आपल्या तळावर त्या फटी भरायला कोणी बसत नसे. मी वरून ओरडलो, "ताई, आपलंच आहे." ती थांबली, तिने बाकीच्यांना हाक मारली. विमान वळून परत आले तेव्हा अकरा जणी अंगणात उभ्या राहून हात हलवत होत्या. बॉम्ब त्यांच्यावर पडला.

वैमानिकाची चूक झाली असेल. चूक माझीही झाली, आणि त्याच्या चुकीबद्दल मी त्याला केव्हाच माफ केले. पण पाच वर्षांनी नगरपालिकेच्या सभागृहात पाटी लावायची ठरली तेव्हा जे झाले ती चूक नव्हती. मजकूर नगरपालिकेच्या तेव्हाच्या साहेबांनी दिला: 'धोक्याच्या भोंग्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे शत्रूच्या बॉम्बने मृत्यू पावलेल्या कामगार स्त्रिया'. खाली अकरा नावे. मी म्हणालो की विमान आपले होते. ते म्हणाले, "तू लिहिलं नाहीस तर दुसरा लिहील, आणि त्याचं अक्षर वाईट असेल." मी लिहिले. ताईचे नाव सगळ्यांत सुबक आले आहे. तेव्हापासून गावात कोणी बेसावध राहिले की म्हणतात, बटणवाल्यांसारखी उभी राहू नकोस. हे मी छप्पन्न वर्षे ऐकतो आहे.

६. छोट्या विमानांच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, त्यांना वरच्या बाजूसाठी आणलेल्या हिरव्या आणि तपकिरी रंगाच्या न उघडलेल्या बाटल्या. त्यांनी माझे विमान अर्धवट म्हणून स्पर्धेतून काढले. नंतर चहाला बोलावून सुचवले की पंखांखालची खूण शत्रूची केलीत तर पहिला नंबर तुमचा. चहा मी प्यायलो, खूण बदलली नाही.

७. विमान सभागृहाला द्यावे. त्या पाटीसमोर, डोक्यापेक्षा उंच, पोट खाली करून टांगावे. टेबलावर ठेवू नये. मुलगा म्हणतो, "बाबा, आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे?" अकरा जणींचे होईल. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. सभागृहाने नकार दिल्यास विमान मुलीकडे राहील, आणि तिने दर वर्षी नव्याने अर्ज करावा.

८. इथवर लिहून काल कागद वाचून पाहिला आणि माझी मलाच लाज वाटली. पाटी मी रंगवायची आणि निस्तरायची मुलीने? म्हणून आज सकाळी डबा आणि कुंचले घेऊन सभागृहावर गेलो. पहारेकऱ्याने विचारले, काम कोणाच्या सांगण्यावरून? मी म्हणालो, "ताईच्या." मग त्याला पायरीवर बसवून पाचवे कलम वाचून दाखवले. त्याने ते ऐकून घेतले आणि कुलूप काढले. नावांना मी हात लावलेला नाही. वरचा मजकूर खरवडून तिथे लिहिले आहे: 'विमान आपले होते. मी सांगितले, म्हणून या पळाल्या नाहीत.' खाली कोपऱ्यात, छप्पन्न वर्षांपूर्वी मुद्दाम टाळलेली माझी सही केली. रंग तेलाचा आहे, दोन हात दिले आहेत. ज्यांना तो काढायचा असेल त्यांनी दिवसाढवळ्या, लोकांदेखत काढावा. खटला भरायचा असल्यास मी जिवंत असेपर्यंत भरावा, मला कोर्टात बोलायचे आहे.

ठिकाण: माझी कामाची खोली
तारीख: नऊ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी चार
(सही) पेंटर

साक्षीदार पहिली, वरच्या मजल्यावरची निवृत्त नर्स: यांनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत नव्हता. (सही)

साक्षीदार दुसरा, सभागृहाचा पहारेकरी: यांनी माझ्यासमोर सही केली, कागदावरही आणि पाटीवरही. कुलूप मी काढले. कोणी विचारले तर हेच सांगेन. (सही)