विटा ते पाटण, सावकाश

विटा,
मंगळवार, ता. ३ डिसेंबर १९७४

चि. सौ. सुला हिला आबाचा आशीर्वाद.

दोन वर्षांत माझं हे पहिलंच पत्र, तेव्हा अक्षर ओळखायला वेळ लागेल. इकडे सगळे बरे आहेत. शाळू कमरेला आलाय. मी लिलावात एक जुनी जीप घेतली. तुझी आई तिला खटारा म्हणते आणि पुढच्या सीटवर मामलेदारणीसारखी बसते.

शनिवारी तिला घेऊन पाटणकडे जाऊन आलो. कडेगाव, कऱ्हाड, मल्हारपेठ असं. ताशी पंधरा मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. बैलगाडीवाले हसत होते. कऱ्हाड सोडलं की दोन्हीकडचे डोंगर जवळ येतात, मधून कोयना वाहते. शिवारात भात झोडणं चाललं होतं. मल्हारपेठेजवळ चिंचेखाली भाकरी सोडली तेव्हा आई म्हणाली, "आवं, तीस वर्सांत पयल्यांदाच फिराय न्हेलंसा."

"फिराय न्हवं, रस्ता बगाय आलोय."

"व्हय, ठावं हाय मला," म्हणाली आणि मिरची पुढं केली.

सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला होता. लष्करात अँब्युलन्स चालवायचो तेव्हा नवा रस्ता असाच तपासायचो. पाणी सांडलं तिथं जखमी कळवळणार, हा हिशेब. तीन जागी सांडलं: कडेगावच्या पुढचा ओढा, ओगलेवाडीचे रूळ आणि मल्हारपेठेअलीकडची फुटकी मोरी. त्या मोरीवर तुला उतरून चालावं लागेल.

होय, तुलाच. आईला टाकलेलं तुझं कार्ड मी वाचलं. सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला कुणी सांगायला नको.

आम्ही तुमच्या दारापर्यंत आलो होतो, हे तुला कळलं असेलच. तू दवाखान्यात होतीस, जावईबापू शाळेत. तुझ्या सासूबाई, बनुबाई, बाहेर आल्या. आईला हाताला धरून आत नेलं. मी गाडीपाशीच उभा राहिलो. त्या पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "पावणं, लांबनं आलाय, घोटभर घ्या."

मी म्हणालो, "पोरीला प्वार हुईस्तवर बापानं तिच्या घरचं पानी घ्यायचं नसतं."

रीत खरी आहे, सुला. पण मी तिच्या आड लपलो. शिवाय जीपकडं बोट दाखवून म्हणालो, "आन गाडीत हाय की भरल्याला तांब्या."

बनुबाईंनी तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. असले तांबे त्यांनी जन्मभर पाहिले असतील. आणलेलं पाणी तसंच घेऊन आत गेल्या. तुझी आई मात्र दोन कप चहा पिऊन आली. तिला रीत आडवी आली नाही.

परतताना कडेगाव आलं तशी ती म्हणाली, "लढाईत परक्याचं रगात कापडावर घिऊन फिरलासा. तवा न्हाई इच्यारलं, कुनाचं म्हनून."

मला लाज वाटली. अजून वाटते. जावई बौद्ध म्हणून मी लग्नाला आलो नाही, आणि पाहुण्यांदेखत म्हणालो, पोरगी मला मेली. चुकलो मी. बापानं लेकीची माफी मागायची पद्धत आपल्यात नाही. मी मागतो.

बुधवारी, ता. ११ला, दुपारपर्यंत पाटणला पोचतो. आधी बनुबाईंशी बोलेन, आणि ते अंगणातच, शेजारपाजाऱ्यांदेखत, कारण अपमान तिथंच केला. त्या पाठवतो म्हणाल्या तर तुला घेऊन येईन, ताशी पंधरा मैलांनी. नाही म्हणाल्या तर मी वाद घालणार नाही. तुझी आई गाठोडं बांधून बसली आहे, तिला तुझ्याजवळ सोडून एकटा परत येईन. बाळंतपण कुठं व्हायचं ते त्यांनी ठरवावं. मी काही ठरवायचा हक्क घालवून बसलोय.

एवढं पत्र त्यांनाही वाचून दाखव. काही गाळू नकोस.

तुला मेली म्हणणारा,
तुझाच,
आबा