आयुष्यात अडचण नसल्याबाबत

दि. १० फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. समन्वयक,
प्लेसमेंट कक्ष,
अभियांत्रिकी महाविद्यालय, जि. बीड.

विषय : कॅम्पस मुलाखतीत ‘आयुष्यातली मोठी अडचण सांगा’ हा प्रश्न मला न विचारण्याबाबत.
संदर्भ : मागील आठवड्यातील सराव मुलाखत.

महोदया,

मी खाली सही करणार विजयसिंह आश्रुबा लगड, रा. तेलगाव, संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकत असून, पुण्याची कंपनी लवकरच भरतीसाठी येत असल्याने हा अर्ज तातडीने सादर करीत आहे.

१. आपण सर्वांसमोर घेतलेल्या सराव मुलाखतीत माझ्याआधी उमापूरचा युवराज होता. आम्ही वसतिगृहात एकाच खोलीत राहतो. वरील प्रश्नावर त्याने सांगितले, की आईवडील ऊसतोडीला जात तेव्हा त्याची शाळा बुडे. मग तो बैलगाडीच्या फळीवर खडूने गणिते सोडवी आणि गाडी उसाने भरली की ती पुसली जात. आपण पेन खाली ठेवून ऐकत होतात. तोच प्रश्न मला विचारल्यावर मी ‘बारावीत डेंग्यू झाला होता’ असे सांगितले. आपण ‘बरं, पुढे’ म्हणालात.

२. युवराजच्या हुशारीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कोडिंग माझे त्याच्यापेक्षा चांगले आहे. त्याचा रेझ्युमे मीच नीट करून दिला, टायची गाठही मीच शिकवली. असे असताना केवळ आमच्या विहिरीचे पाणी कधी आटले नाही, घरात सगळे वेळेवर मिळाले, या कारणास्तव मी मागे पडावे, हे न्यायाला धरून नाही.

३. ही उणीव भरून काढण्याचा मी प्रयत्न केला. युवराजच्या आईवडिलांची टोळी यंदा आमच्याच उसात आहे. रविवारी गावी गेलो असता मी कोयता मागून घेतला. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले आणि पाचटाने मान सोलली. युवराजची आई मंजुळाबाई यांनी कोयता काढून घेतला व विचारले, “लेकरा, तुला कावून पायजे हे?” मी खरे कारण सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्या तर त्याला म्हणलं हुतं, उसाचं तितं काई सांगू नको, लोक कमी समजत्यात. सांगितलं व्हय त्यानं?” मी म्हणालो, सांगितले, आणि मॅडम पेन ठेवून ऐकत होत्या. त्यावर त्या तिथेच सरीत बसल्या आणि अजून काय काय बोलला, असे विचारत राहिल्या. हेव्यापोटी का होईना, मला त्याचा शब्द न् शब्द पाठ होता. तो मी सांगितला.

४. संध्याकाळी वडिलांनी माझ्या हाताला बांधलेले फडके पाहिले. मुलाखतीची तयारी करताना लागले, असे मी म्हणालो. ते म्हणाले, “तयारीचं राहू दे. म्या वरती सांगून ठेवलंय. तुझं काम झाल्यात जमा हाय.” सराव कसा झाला, मी काय बोललो, हे त्यांनी विचारले नाही. त्या वेळी मला युवराजचा पुन्हा हेवा वाटला. या खेपेस उसावरून नव्हे.

५. अर्ज लिहायला घेतला तेव्हा विषय वर दिल्याप्रमाणेच होता. खाडाखोड नको म्हणून तो तसाच ठेवला आहे. आता तो प्रश्न मला खुशाल विचारावा. मी डेंग्यूचेच सांगेन, कारण तेच खरे आहे. परंतु युवराजची निवड झाली तर ती त्याची असेल. माझी झाली तर ती कुणाची, हे मला जन्मभर कळणार नाही. त्याच्याकडची ही एक गोष्ट मला कोयता हातात घेऊनही मिळवता आली नाही.

तरी आपल्याकडे किंवा कंपनीकडे माझ्या वडिलांचा, अथवा त्यांच्या वतीने कुणाचा फोन आला असल्यास तो आलाच नाही असे समजावे, आणि मला नापास करण्याची मोकळीक मुलाखत घेणाऱ्यांना असू द्यावी, एवढीच विनंती.

आपल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी,
(सही, डाव्या हाताने)
विजयसिंह आश्रुबा लगड

सोबत : शिफारसपत्र जोडलेले नाही.