वाहन कोल्हा

आई, सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल तर समोरची नागपूरची बाई, आणि तिला तर बोलावलंच नव्हतं. हातात आमचाच डबा. "मावशी, तुमचा डबा द्यायचा राहिला होता," म्हणे. संक्रांतीपासून राहिलेला डबा तिला नेमका त्या दिवशी आठवला! नातीने पसंत केलेला मुलगा बघायचा होता, दुसरं काय. मग माझी नात आली, तिच्यामागून तो मुलगा, आणि त्याच्या हाताला धरून त्याची आजी. कुणी न सांगता तिने दारातच चपला काढल्या. नागपूरची माझ्या कानात पुटपुटली, "अय्या, या तर आपल्यासारख्याच दिसतात हो!" मी म्हटलं, तू आता घरी जा बाई, तुझा गॅस चालू असेल.

तुला सांगायचं राहिलं, मी हल्ली लेकीकडे असते, अमेरिकेत. कॅलिफोर्निया म्हणतात या भागाला. एकीकडे समुद्र आणि मागे डोंगर, उन्हाळ्यात आपल्या माळासारखे पिवळे पडणारे. ही पाहुणे मंडळी चुमाश. गोरे लोक आले त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर राहणारे, म्हणजे खरे घरवाले तेच, पाहुणे आम्ही. मुलाला आईबाप नाहीत, या आजीनेच वाढवला. आजीच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही, असं त्याने नातीला आधीच सांगून ठेवलेलं, आणि आमची पोर तर त्याच्यावर जीव टाकून बसलेली. तेव्हा दाखवण्याचाच कार्यक्रम म्हण, फक्त कांदेपोह्यांच्या जागी पुरणपोळी. म्हातारीने पोळी खाल्ली, बोटाने दाखवून आणखी तूप मागून घेतलं, आणि बोलली काही नाही. लेक माझ्याकडे बघते, मी लेकीकडे. नात पोळीचे नुसते तुकडे करत होती. शेवटी म्हातारी हात पुसून नातवाला काहीतरी म्हणाली. नात मला म्हणाली, "आजी, चल. त्यांना तुला एक रॉक दाखवायचाय."

लेकीने ड्राइव्ह केलं. डोंगरावर नुसते दगड, वाऱ्यापावसाने झिजलेले, आणि काय सांगू, एकेकाला रूप! एक अस्वलासारखा पाठ वर करून बसलेला, एक पंख मिटलेला गरुड. त्यांच्यात म्हणे असाच एक थोरला गरुड वरचं जग पंखांवर तोलून धरतो. चालून चालून माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा ती एका मोठ्या दगडासमोर थांबली आणि मला खुणेने विचारलं, काय दिसतं? दोन कान ताठ, तोंड वर, ढुंगणावर बसलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, कोल्हा!" आणि मी तोंडावर हात ठेवला.

का ठेवला ते तुला एकटीला कळेल. मी तिसरीपर्यंत शिकले ते फक्त तुला कॅलेंडरची मागची बाजू वाचून दाखवण्यापुरतं. तू परातीत भाकरी थापते आहेस, मी चुलीपाशी कॅलेंडर उलटं धरून बसले आहे, आणि तू विचारतेस, "मृगाचं वाहन काय गं?" बेडूक निघाला, म्हैस निघाली, हत्ती निघाला की तुझा हात भराभर चालायचा. मी 'को... ल्हा' असं वाचलं की तो पिठातच थांबायचा. सूर्य त्या नक्षत्रात कोल्ह्यावर बसून येणार, म्हणजे पाऊस उणा. तू दारात जाऊन आभाळातल्या सूर्याला शिव्या द्यायचीस, "मेल्या, तुला बसायला दुसरं जनावर नाही मिळालं?" शेजारची हसायची. तू हसत नव्हतीस.

मी नातीला हे सांगितलं, तर ती लाल झाली. "आजी, प्लीज. हे मी ट्रान्सलेट नाही करणार." मुलगा विचारतोय, "व्हॉट डिड शी से?" ही म्हणते, "नथिंग." म्हातारीने हातातली काठी आपटली. मग काय, सांगावंच लागलं पोरीला, खाली मान घालून, रडवेल्या आवाजात. मला वाटलं, संपलं. आपल्याच तोंडाने आपण नातीचं लग्न मोडलं.

म्हातारी जी हसायला लागली! दगडाला टेकली, डोळे पुसले, पुन्हा हसली. नात एकेक वाक्य मराठीत करून सांगत होती. "त्या म्हणतात, म्हणूनच तुमच्याकडे पाऊस पडत नाही. तुमचा कोल्हा सूर्याला पाठीवर बसवतो. आमचा सूर्याच्या अगेन्स्ट खेळतो!" म्हातारीला तिच्या मावशीने असं सांगितलेलं, दुसऱ्या घरी दुसरं सांगतील, असंही म्हणाली. त्यांचा कोल्हा, कोयोट म्हणतात त्याला, वर आभाळात राहतो, काही जण ध्रुवाचा ताराच तो म्हणतात. ऊन रखरखत होतं, तरी तिने हनुवटीने उत्तरेला जागा दाखवली. दगडाचं तोंडही तिकडेच. कोल्हा आणि सूर्य वर्षभर मुठीचा खेळ खेळतात, आणि चंद्र पंच. कोल्हा जिंकला तर पाऊस, कंदमुळं, ओकच्या झाडाला फळं. सूर्य जिंकला तर दुष्काळ, आणि माणसांचे जीव घेऊन तो आपली वसुली करतो. आई, दुष्काळाची गोष्ट मला कुणी समजावून सांगायला नको होती. मी नुसती तिच्या हातावर हात ठेवला.

मुठीचा खेळ म्हणजे काय, तर आपण चिंचोक्याने खेळायचो तोच! तिने काठी दगडाला टेकवली, खडा उचलला, हात पाठीमागे नेले आणि दोन मुठी माझ्यापुढे धरल्या. मी तिच्या डाव्या मुठीवर बोट ठेवलं. रिकामी. तिने उजवी उघडली, खडा दाखवला, मग काठी उचलून ती नातीकडे रोखली आणि काहीतरी म्हणाली. मला इंग्रजी येत नाही, पण पोरीचा चेहरा वाचता येतो. ती एकदम रडायलाच लागली. मुलगा नातीकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, ती म्हणते, मी जिंकली. मुलगी माझी." मी म्हटलं, ने बाई, पण वर्षातून एकदा माहेरी पाठव. तेही सांगितलं गेलं, तिने मान डोलावली, आणि थर्मासातून ओकच्या फळांची पेज काढून मला दिली. बिनमिठाच्या आंबिलीसारखी लागते. मी सगळी प्याले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून गादीखाली ठेवते. एक मात्र तुला सांगून ठेवते, घरात कुणाला बोलले नाही. सकाळी गॅलरीत उभी राहून मी सूर्याला हात जोडते, पाणी घालते, सगळं रीतीप्रमाणे करते. पण मनातून यंदा तो हरावा, असंच वाटतं.

त्यांच्याकडे कोल्ह्या-सूर्याच्या खेळाचा निकाल वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी लागतो. म्हातारी आणि तिचा नातू त्याच दिवशी येणार आहेत, लग्नाची तारीख ठरवायला, दुपारच्या जेवणाला.