बाथरूमच्या दाराआडून झालेली मुलाखत

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (काल तासभर फरशीवर बसल्याने कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच पोचला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी जिने बंद केले म्हणून तू हल्ली शिडी वापरतेस, असं शेजारच्या काकूंनी कळवलं आहे. शिडीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, हे तुझं उत्तर मला पाठ आहे.

मी ठीक. लोक किल्ल्या हरवतायत तोवर दुकानाची चिंता नाही. मी दत्तक घेऊ पाहतेय त्या अडीच वर्षांच्या मुलीचा फोटो तू पाहिलासच. भेटायला गेले तेव्हा तिने माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि परत द्यायला साफ नकार दिला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आता सगळं दत्तक संस्थेच्या चौकशीच्या बाईंच्या अहवालावर अडलंय, आणि त्या बाई काल घर बघायला आल्या होत्या.

घर मुलासाठी सुरक्षित हवं, असं पत्रकात होतं. मी कुलपंवाली, मला एवढं पुरे झालं. कपाटं, खिडक्या, फ्रिज, सगळ्याला कुलपं ठोकली. बाईंनी पाणी मागितलं तर पेल्यासाठी दोन कुलपं उघडावी लागली. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग बाथरूममध्ये जाऊन त्यांनी कडी लावून पाहिली आणि ती अडकली. (आदल्या दिवशी मीच बसवलेली. गिऱ्हाइकांपर्यंत जाऊ देऊ नकोस.) हत्यारांची पेटी सुरक्षेपायी कपाटात बंद, कपाटाची किल्ली माझ्या एप्रनच्या खिशातल्या जुडग्यात, आणि एप्रन आत, बाईंच्या सोबतीला. जुडग्यात किल्ल्या एकतीस, आणि दाराखालची फट अशी की एका वेळी एकच सरकेल.

बाईंचा आवाज कापायला लागला. मग मी खाली बसले आणि तुझी नक्कल केली. लहानपणी मी कोठीच्या खोलीत अडकले होते तेव्हा तू ‘घाबरू नकोस’ असं एकदाही म्हणाली नाहीस. हाताला काय लागतंय, खरखरीत की गुळगुळीत, एवढंच विचारत राहिलीस. बाई एकेक किल्ली फटीतून सरकवत गेल्या आणि मी प्रत्येकीबद्दल तसंच विचारत गेले, डोकं गोल की चौकोनी, दाते किती. चौदाव्या किल्लीला बाई सावरल्या आणि, दुसरं काही करण्यासारखं नसल्याने असेल, त्यांनी आतूनच मुलाखत सुरू केली. चांगल्या आईच्या अंगी कोणते गुण असावेत?

संयम, शिस्त, सकस आहार असं मी घोकून ठेवलं होतं. ऐन वेळी काही आठवेना, म्हणून तुझ्याबद्दलच बोलत सुटले. तू मला शाळेच्या फाटकात सगळ्या वर्गादेखत उगाच ओरडलीस, आणि चूक कळल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन माफी मागितलीस, कारण ओरडताना वर्ग होता तर माफीलाही हवा. (मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती.) पत्त्यांत मला मुद्दाम कधी जिंकू दिलं नाहीस, अकराव्या वर्षी मी तुला खरोखर हरवलं तेव्हा दोन दिवस गाल फुगवून बसलीस, आणि माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं. तुला अपूर्णांक येत नव्हते. मी शाळेत गेले की तू मास्तरांकडून शिकून यायचीस आणि संध्याकाळी जन्मतःच येत असल्यासारखी मला शिकवायचीस. आई गेल्यावर लोक मला पोरकी म्हणायचे. मला तसं कधी वाटलंच नाही, हे मी बाईंना सांगितलं आणि लक्षात आलं की तुला मात्र अजून सांगितलेलं नाही.

सत्ताविसाव्या किल्लीने कपाट उघडलं आणि पाच मिनिटांत बाई बाहेर आल्या. डोळे लाल. मला वाटलं, मुलगी गेली हातची. त्यांनी फ्रिजचं कुलूप काढायला सांगितलं आणि तुझा पत्ता मागितला.

तुझीच,
भाची

ता. क. बाई गुरुवारी अकराला तुझ्याकडे येतील, मला वाढवणाऱ्या माणसाला बघायला. माझी फार स्तुती करू नकोस, त्या कडीनंतर ती टिकायची नाही.

आणखी एक ता. क. अर्जात ‘अर्जदाराचा लहानपणी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीशी नातं’ असा रकाना आहे. तिथे मी ‘आई’ लिहिलंय. तुझ्या सवयीप्रमाणे तू लगेच ‘मी आत्या हो तिची’ म्हणून दुरुस्ती सुचवायला जाशील. कृपा करून सुचवू नकोस. खाडाखोड केलेला अर्ज तिथे घेत नाहीत.