सईसाठी पेरलेला मुळा

४ जुलै
काल मुळ्याचं बी पेरलं. ओलं कोकोपीट, वर दुसरा ट्रे पालथा, त्यावर वजनाला पिठाचा डबा. तीन-चार दिवस उघडायचं नाही, असं शेजारच्या सरोजाअक्का म्हणाल्या. सकाळपासून चारदा उघडून बघितलं.

सई परवा आपणहून म्हणाली, "आई, ती कोवळी पानं असतात ना, बोटाएवढी, ती खाईन मी." सोळा वर्षांची पोर. मार्चपासून भात नाही, चपाती नाही, तूप नुसतं दिसलं तरी ताटावरून उठते. किती दिवसांनी 'खाईन' ऐकलं. तशीच रिक्षा करून बियाणं आणायला गेले. औषध लावलेलं नको, खायचंय, असं दुकानदाराला तीनदा बजावलं.

६ जुलै, रवि.
मुळ्याबरोबर मोहरीही पेरली होती, त्या ट्रेत पांढरी लव. बुरशी! सगळं उचलून कचऱ्यात.

नंतर अक्का गच्चीवर भेटल्या. "अय्यो, ते मुळांचे केस गं. स्वल्प पाणी फवारलं की बसतात. बुरशीला वास येतो."

धडधाकट रोपं फेकली. बाथरूममध्ये जाऊन रडले. मोहरीसाठी कोण रडतं?

सुहासला सांगितलं नाही. "नर्सरीच काढलीस की," म्हणतो. पण ऑफिसला निघताना लेकीच्या ट्रेत डोकावून जातो.

८ जुलै
मुळ्यावरचं झाकण काढलं. पिवळी, लांबुडकी रोपं. खिडकीत ठेवली तर संध्याकाळपर्यंत हिरवी.

सई येऊन उभी राहिली. वरून हलकेच हात फिरवला. मनगट किती बारीक. दंडावर मऊ केस आलेत, डॉ. म्हणाल्या होत्या, अंगात ऊब राहत नाही म्हणून येतात.

मी मुळ्याकडे बघत राहिले.

१० जुलै
डॉ.कडे. वजन आणखी उतरलं. "आठवडाभर बघू. नाहीतर दाखल करावं लागेल." पानांचं बोलले नाही. आधी कापणी होऊ दे, मग सांगेन. पुढच्या वेळी काटा बघून त्याच विचारतील, काय दिलंत म्हणून.

१२ जुलै, शनि.
कापणी. कात्रीने, कोकोपीटच्या जरा वरून.

नऊ दिवस. आणि निघालं किती? एक वाटी. दाबली तर अर्धी. मी मनात टोपली धरून बसले होते. आणि मुळा एकदा कापला की पुन्हा फुटत नाही म्हणे.

सईने एकेक पान ताटलीत मांडलं. सगळं खाल्लं. "तिखट आहे गं," म्हणाली आणि हसली. सु. उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही.

१३ जुलै
आणखी चार ट्रे पेरले. तोवर अक्कांनी त्यांचे दोन मोठे ट्रे दिले, तयार.

सई स्वतः पाणी फवारते. दोन वेळा वाटीभर पानं. बाकी काही विचारायचं नाही, असं सु.ने आणि मी ठरवून तिलाही सांगितलंय. ताटावर भांडण नाही. घर एवढं शांत, की भीती वाटते. वाटू दे.

१६ जुलै
आहारतज्ज्ञ बाईंना फोन. मोठ्या उत्साहाने सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, "मॅडम, वाटीभर पानांत किती ताकद असणार? जवळजवळ पाणीच ते. भांडण न होता उपाशी राहायची वाट मिळालीय तिला."

मी पेरलं. मीच कापून वाढलं.

संध्याकाळी पानांशेजारी अर्धी चपाती ठेवली. सईने ताटली ढकलली. "एवढंच चालेल म्हणाली होतीस ना तू!" ती म्हणाली. मी ओरडले. तीही. माझ्या हाताने की तिच्या, कळलं नाही, ट्रे खाली. फरशीभर कोकोपीट. ती वेचायला बसली, आणि मग तिला उठता येईना.

सु.ने तिला उचललं. खोलीतून परत आला तर हात तसेच पुढे धरलेले. "अगं, काहीच लागली नाही हाताला."

१८ जुलै, शुक्र.
दाखल केलं. हॉस्पिटल पार येलहंक्याला, बनशंकरीतल्या घरापासून दीड तास. सई खिडकीतून बाहेर बघत होती. एका सिग्नलला म्हणाली, "आई, मलापण कळत नाही गं, का खाऊ शकत नाही मी."

तिचा हात धरला. काढून नाही घेतला तिने. एवढंच.

ट्रेचं काय करू, अक्कांचा मेसेज. टाकून द्या, लिहिलं. मग पुसलं. मग काहीच नाही लिहिलं.

२० जुलै, रवि.
जेवणाच्या वेळी आईवडिलांनी आत थांबायचं नाही, असा इथला नियम. साडेबारापासून बाकावर. भात, वाटीत पातळ सारू, पालकाची परतलेली पल्या आत गेलेली बघितली. सु. खाली चकरा मारतोय.

तासाने सिस्टर बाहेर आली. हातात झाकलेलं ताट. मी उठून झाकणाला हात घालणार, तर ताट मागे घेतलं. "बेडा अम्मा. उघडू नका. ती म्हणाली, आईला मीच सांगणार."

काय सांगणार?

सिस्टरच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "पाच मिनिटं," म्हणाली आणि गेली.

पावणेदोन. दार बंद आहे. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मधेच सईचा.