मंगल, तू तिथं काय पाहिलंस?

प्रिय मंगल,

बत्तीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिणार तरी कशाला? तू जायचीस कुठं! फार तर पिशोरला माहेरी, चार दिवस, आणि तिसऱ्याच दिवशी माझा फोन यायचा, गूळ कुठल्या डब्यात ठेवलाय म्हणून. आज लिहितोय, कारण मला भांडायचंय आणि ज्या गोष्टीवरून भांडायचंय ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला समजणार नाही.

परवा मी मालवणहून परत आलो. हो, मीच! भर डिसेंबरात, वेरूळच्या गाईडगिरीचा सीझन सोडून. विजयदुर्गपासून मालवणपर्यंत, सात दिवस समुद्राच्या काठाकाठानं पायी. सोबत गाईड, चौदा माणसं आणि माझे दुखरे गुडघे. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तू एकटी गेली होतीस, तीच सहल.

"आत्ता सुचलं व्हय?" असंच म्हणशील. म्हण. तुझा हक्कच आहे.

दोघांची नावं तूच नोंदवली होतीस. मला म्हणालीस, "अहो, जल्मभर दुसऱ्याला दाखवत आलात. एकदा दुसऱ्यानं दाखवलेलं बघा की." आणि मी काय म्हणालो? की वर्षभर लेण्यांत पायऱ्या चढणाऱ्या माणसाला कुणी सुट्टीत चालायला नेतं का? आणि तेही डिसेंबरात! शाळांच्या सहली, परदेशी पाहुणे, सगळे याच दिवसांत येतात. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढीच माझी सुट्टी. तू ऐकून घेतलंस, मग म्हणालीस, "बरं. मी जाते."

मला वाटलं, रागानं म्हणतेयस. तू खरंच गेलीस! सिडकोच्या स्टॉपवर बसमध्ये चढताना तुझा चेहरा पाहिला होता मी. भेदरलेला होता. तरी तू मागं वळून पाहिलं नाहीस.

आठ दिवसांनी आलीस. नाक सोललेलं, चेहरा रापलेला, आवाज बसलेला. दारातच चप्पल काढता काढता म्हणालीस, "अहो, ऐका ना, तिथं एका जागी..." आणि मी म्हणालो, "थांब, आधी माझं ऐक, आज काय गंमत झाली!" मग त्या जपानी पाहुण्यांची गोष्ट. मी त्यांच्या भाषेत 'पायरी जपून' म्हणालो आणि ते सगळे माझ्यापुढं कमरेत वाकले ती. तू हसलीस. चहा टाकलास.

दुसऱ्या दिवशी जेवताना तू पुन्हा सुरू केलंस. लाल दगडाचं काहीतरी होतं. मी लगेच तुला सांगू लागलो, की तो जांभा, आपला काळा कातळ वेगळा, तो असा बनतो नि हा तसा बनतो. अगं, मी तो दगड पाहिलासुद्धा नव्हता! तू त्याच्यावर सात दिवस चालून आलेलीस आणि मी तुलाच तो समजावून देत होतो. तेव्हा मला थांबवलं का नाहीस?

तिसऱ्यांदा तू सुरुवात केलीस तेव्हा माझा फोन वाजला. चौथ्यांदा केलीच नाहीस.

याच गोष्टीचा मला सगळ्यात राग येतो, मंगल. गॅसवाल्याशी तू भांडायचीस. भाजीवाल्याची तराजूतली लबाडी बोट ठेवून दाखवायचीस. आपल्या पल्लवीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांना तोंडावर गप्प केलंस. आणि या एका गोष्टीत माघार? "गप बसा, मला बोलू द्या" एवढं म्हणायला तुला काय झालं होतं? त्यानंतर तेरा महिने तू माझ्यासमोर होतीस. तेरा महिने! मग जानेवारीत मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. त्या दोन दिवसांत तू शुद्धीवरच नव्हतीस, आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकच विचार करत होतो, की त्या 'एका जागी' काय झालं होतं?

तुझा फोन उघडला. सहा फोटो! चार समुद्राचे, चारही सारखे. एक पिवळ्या कुत्र्याचा. एक तुझ्याच बुटांचा, तोही हललेला. यावरून मी काय समजायचं?

म्हणून गेलो. वाटलं, तीच वाट, तोच गाईड. विचारत विचारत गेलो तर तुझा तो आठवडा हाती लागेल.

गाईडचं नाव संदेश. पस्तिशीचा, काटक, पायात साध्या चपला. पहिल्याच संध्याकाळी मी त्याला तुझा फोटो दाखवला. त्यानं फोन हातात घेतला, नीट पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे काय! काकू आठवतात ना. किती छान चालायच्या." मंगल, मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

तसं त्याचं माझं पहिल्या तासापासून जमलं नाही. सवयीनं मी सगळ्यांच्या पुढं चालत होतो. तो म्हणाला, "काका, पुढं मी. तुम्ही मागं." मला, मागं! बरं, पुढं चालून हा पठ्ठ्या सांगतो काय? काही नाही! गिर्येच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर आलो, खाली खवळलेला समुद्र, लाटा कड्यावर आपटून वर उडतायत, आणि हा म्हणतो, "इथं पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही." अरे, मग तुला आणलंय कशाला? माझ्याच्यानं राहवलं नाही. दोनचार जणांना बाजूला घेऊन मी किल्ल्याचं, आरमाराचं, वाऱ्याचं सांगायला लागलो. नागपूरच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, जरा बघू द्याल का?"

तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

तरी संदेशला मी रोज विचारायचो. इथं ती काय म्हणाली? इथं थांबली होती का? दमली होती का? तोही सांगायचा. देवगडच्या पुढं कड्याच्या टोकाशी एक सपाट खडक आहे, तिथं म्हणाला, "इथं काकू बराच वेळ बसल्या होत्या." झालं! मी त्या खडकावर बसलो. बाकीचे पुढं गेले तरी उठलो नाही. वाटलं, हीच ती 'एक जागा'. तू जिथं बसली असशील तिथं हात ठेवून मी रडलो गं. बावन्न लेण्यांचं... बघ, आकडासुद्धा चुकला, चौतीस लेण्यांचं पाठांतर असलेला माणूस, एका खडकासमोर मला एक शब्द सुचला नाही.

चौथ्या दिवशी कुणकेश्वराच्या देवळाबाहेर कोल्हापूरचं एक जोडपं भेटलं. कधीतरी याच सहलीला आलेलं. नवऱ्यानं संदेशच्या खांद्यावर थाप मारली, "ओळखलंस का?" संदेश म्हणाला, "म्हणजे काय! आठवता ना. वहिनी तर किती छान चालायच्या."

तोच सूर. तेच शब्द. तेवढंच हसू.

मी तिथून बाजूला झालो. कारण तो सूर मला माहीत आहे, मंगल, तो माझा आहे! दर सीझनला कुणीतरी कैलासाच्या आवारात मला गाठतं, "गाईडजी, पहचाना क्या?" आणि मी डोळे मोठे करून म्हणतो, "अरे साहब, आपको कैसे भूलूंगा!" माणूस खूश होतो. बायकोला कोपरानं ढोसतो, बघ, मी म्हटलं नव्हतं? मला त्याचा चेहरा, गाव, साल, काही आठवत नसतं. आमच्या धंद्यात हे खोटं कुणी मोजतच नाही. हजारांनी माणसं येतात, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं?

दोन दिवस मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं नाही तोवर तो खडक तुझा होता.

सहाव्या दिवशी तळाशीलला पोचलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर माडांत दडलेली घरं. पलीकडं जायला होडी येणार होती. सगळे सावलीत बसले आणि मी संदेशला बाजूला नेलं. म्हटलं, "मीपण गाईड आहे. तीस वर्षं हेच करतोय. खरं सांग."

त्यानं पायातली चप्पल काढून वाळू झटकली. मग म्हणाला, "नाही आठवत, काका. आठवून बघितलं मी, रोज. किती ग्रुप येतात. पण तुम्ही फोटो दाखवलात तेव्हा तुमचं तोंड बघून नाही म्हणवेना."

"आणि तो खडक?"

"तिथं सगळेच बसतात."

मला त्याला थोबाडावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण कोणत्या तोंडानं? मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. कदाचित खडक आणखी चांगला निवडला असता! मी एवढंच म्हणालो, "चल, होडी आली."

मालवणात पोचल्यावर तुझ्या शोभाला फोन लावला. म्हटलं, बहिणीला तरी बोलली असेल. ती म्हणाली, "दाजी, म्या इचारलं व्हतं की! पिशोरला आली तवा. म्हणली, लई सांगायचंय, पर आधी ह्यांना सांगू दी, मंग तुला सांगते. परत इचारलं तर म्हणली, अजून ह्यांनाच नाय सांगितलं."

मंगल, हे तू काय केलंस! दुसऱ्या कुणालातरी सांगून टाकायचंस. शोभाला, पल्लवीला, शेजारच्या रेहानाभाभीला, भांडीवाल्या बाईला! माझ्यासाठी राखून कशाला ठेवलंस? मी काय लायकीचा होतो? बंदराच्या धक्क्यावर उभा राहून मी तुझ्यावर मोठ्यांदा ओरडलो. मासळी निवडणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. मी त्यांना माफ करा म्हणालो आणि पुन्हा रडलो.

आता आजची गोष्ट. पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. पिशोरचे सगळे येणार आहेत. सकाळी पल्लवीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्ही त्या दिवशी आईच्या समुद्राच्या सहलीबद्दल सांगा ना. ती आयुष्यात एकटी तिथंच गेली. आणि आता तुम्हीपण जाऊन आलात. तुम्ही किती छान सांगता!"

मी हो म्हणालो आणि कागद घेऊन बसलो. आणि काय सांगू तुला, भराभर सुचायला लागलं! तू कड्यावर कशी उभी राहिलीस, वाऱ्यानं तुझी ओढणी कशी उडाली, लाटेला घाबरून तू नागपूरच्या बाईंचा हात कसा धरलास. अगं, त्या बाई तर माझ्या सहलीतल्या! तुझ्या तोंडी दोन वाक्यंसुद्धा घातली मी. अशी जमली की मलाच हसू आलं. वीस मिनिटांचं छान भाषण तयार झालं. पल्लवी रडली असती, शोभा रडली असती. आणि दोनचार वर्षांत मीसुद्धा म्हणायला लागलो असतो की हे सगळं तूच मला सांगितलंस, दारात, चप्पल काढता काढता.

तेव्हा मात्र घाबरलो. कागद फाडला. त्याच्या मागच्या बाजूला हे पत्र लिहिता आलं असतं, पण तेही नको वाटलं.

तू माझ्यासाठी जे राखून ठेवलंस ते मी घेतलं नाही. निदान त्या जागी माझं काही भरणार नाही. तुला शब्द देतो. वर्षश्राद्धाला मी सगळ्यांसमोर उभा राहीन आणि एवढंच म्हणेन, "मंगल सात दिवस समुद्राकाठानं एकटी चालली. तिनं तिथं काय पाहिलं ते मला माहीत नाही. ती सांगत होती, मी ऐकलं नाही." मग खाली बसेन. कुणी कितीही आग्रह केला तरी पुढं बोलणार नाही.

तुझा,
दिगंबर