एकोणीस तारखेची तिकिटं

दादा,

तुझा फोन कामावर लॉकरमध्ये असतो, म्हणून हे फ्रिजवर चिकटवतेय. मी आईकडे निघालेय. एकोणीस तारखेची आपली तिकिटं गेली समज, स्वस्तातली ना ती, पैसे परत नाहीत. आई दवाखान्यात आहे कळल्यावरही, आठवडाभर थांबलो तर निम्म्यात जाऊ, असं मीच म्हणाले होते, आणि तू हसून म्हणालास, "बाबांची लेक शोभतेस!" ते डोक्यातून जातच नाहीये.

सकाळी बाबांचा फोन आला. तुला माहितीये ना ते, रोज पहाटे उठून तिकिटांचे भाव बघणार, जरा उतरले की आपल्याला झोपेतून उठवणार, दोनदा विमान बदलायला लावणार. मी सवयीने विचारलं, "बोला बाबा, आज कितीला?" तर म्हणाले, "भाव बघू नकोस. पहिलं मिळेल त्यात बस. दादालाही सांग." आणि ठेवलाच फोन.

आईचं मी विचारलंच नाही रे.

तुझं आज संध्याकाळचं थेट विमान आहे. तिकीट टेबलावर ठेवलंय, त्यावरची किंमत मी पेनाने खोडलीये. काहीतरी खाऊन निघ. आणि बाबांना आत्ता फोन करू नकोस, आधी विमानात बस.

— छोटी